चॅटबॉट, गाईड आणि विद्यार्थ्याचे उत्तर : उच्च शिक्षणातील लेखन व मूल्यमापन यांची एक चिकित्सा

बीजशब्द : कृत्रिम बुद्धिमत्ता, चॅटबॉट, अंतर्गत मूल्यमापन, मराठी साहित्याचे अध्यापन, ग्रामीण विद्यार्थी

प्रस्तावना

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी ही संवादप्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि अवघ्या काही महिन्यांत जगभरातील शिक्षणसंस्थांमध्ये तिच्याविषयी चर्चा सुरू झाली. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या शाळांत तिच्यावर बंदी घातली व त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती मागे घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षण व संशोधन क्षेत्रातील अशा प्रणालींच्या वापराविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. आज अशा अनेक प्रणाली उपलब्ध असून त्या मराठीतही उत्तरे देतात आणि साध्या मोबाईलवर चालतात.

आपल्याकडेही या विषयावर परिसंवाद झाले व लेख लिहिले गेले. तथापि यांतील बरीचशी चर्चा ‘विज्ञान : शाप की वरदान’ या शालेय निबंधाच्या वळणाने जाते. एका स्तंभात फायदे, दुसऱ्या स्तंभात तोटे आणि शेवटी ‘वापर विवेकाने करावा’ हा उपदेश, असे तिचे ठरलेले स्वरूप असते. हा विवेक कोणी, कोठे आणि कोणत्या प्रश्नपत्रिकेत दाखवायचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

चॅटबॉटचा धोका आणि त्याची संधी या दोन्ही गोष्टी यंत्रापेक्षा आपल्या मूल्यमापनात अधिक दडलेल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्याकडून आपण कोणते उत्तर मागतो आणि कोणत्या उत्तराला गुण देतो, यावर यंत्राचा परिणाम ठरतो. या प्रतिपादनासाठी दुष्काळी पट्ट्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करताना आलेला अनुभव आधारास घेतला आहे. तो सर्वेक्षण नव्हे. एका वर्गाचा अनुभव एवढीच त्याची मर्यादा व तेवढेच त्याचे मोल आहे.

१. यंत्राचे स्वरूप

चॅटबॉट ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा कार्यक्रम तयार केला व १९६६ मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. समोरच्याच्या वाक्यातील शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत विचारणे, एवढेच तो कार्यक्रम करीत असे. तरीही त्याच्याशी बोलणाऱ्यांना तो आपल्याला समजून घेतो असे वाटे. या अनुभवाने स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि पुढे १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांविषयी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नीट रचलेले वाक्य समोर आले की त्यामागे समज आहे असे गृहीत धरण्याची माणसाची सवय अशी जुनी आहे.

आजच्या प्रणाली एलायझापेक्षा कितीतरी सामर्थ्यवान आहेत. गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेवर त्या प्रामुख्याने उभ्या आहेत. प्रचंड मजकुराच्या अभ्यासातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचे गणित त्या शिकतात आणि त्या आधारे उत्तर रचतात. त्यामुळे उत्तराचा ओघ हा त्यांचा स्वाभाविक गुण आहे, सत्यता नव्हे. माहिती पुरेशी उपलब्ध असेल तेथे ओघ आणि सत्य बहुधा एकत्र येतात; माहिती विरळ असेल तेथे ओघ तसाच राहतो आणि सत्य सुटते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले व न्यायालयाने त्यांना ५००० डॉलरचा दंड केला, ही घटना सर्वश्रुत आहे.

मराठीच्या संदर्भात ही अडचण वाढते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु महाजालावरील मजकुरात तिचा वाटा तिच्या भाषकसंख्येच्या मानाने फारच थोडा आहे. आपली नियतकालिके, समीक्षाग्रंथ, जुन्या कादंबऱ्या यांचा मोठा भाग आजही कपाटांतच आहे. जे यंत्राने वाचलेले नाही त्याविषयी विचारले असता ते गप्प राहतेच असे नाही; संभाव्य उत्तर रचून देते.

२. एका उत्तराची समीक्षा

एका सत्रात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापनासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीवर स्वाध्याय लिहिण्यास सांगितले होते. प्रश्न नेहमीचाच होता : ‘‘बनगरवाडी’ या कादंबरीतील ग्रामजीवनाच्या चित्रणाची चर्चा करा.’ आलेल्या उत्तरांपैकी एक विशेष नीटनेटके होते. शुद्धलेखन निर्दोष, परिच्छेदांची मांडणी व्यवस्थित आणि शेवटी समर्पक वाटावा असा समारोप. प्रस्तुत लेखिकेने त्या उत्तरास १० पैकी ८ गुण दिले.

पुढील काही उत्तरे तपासताना तोच समारोप थोड्या फरकाने पुन्हा आला. त्यात असे म्हटले होते की, मास्तरांच्या प्रयत्नांमुळे वाडीत विहीर खोदली जाते, पाऊस येतो आणि गाव नव्या उमेदीने उभे राहते. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की प्रत्यक्षात याच्या उलट घडते. माणदेशातील त्या धनगरवाडीत मुलांविना पडलेली शाळा मास्तर उभी करतो, वाडीचा विश्वास मिळवतो, लोकांच्या श्रमातून तालमीची इमारत उभी राहते. आणि अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात व वाडी ओस पडते. शिक्षकाच्या प्रयत्नांना निसर्गाची साथ नसेल तर काय उरते, हा त्या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. यंत्राच्या उत्तराने हा प्रश्नच पुसून टाकला होता.

येथे दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते. पहिली यंत्राविषयी. त्याने केलेली चूक यादृच्छिक नव्हती. आदर्श शिक्षक, मागास गाव, प्रयत्न आणि यश हा क्रम असंख्य कथांत येतो. म्हणून अधिक संभाव्य असा शेवट यंत्राने रचला. थोर साहित्यकृती नेमकी जेथे अपेक्षित वळण नाकारते तेथेच संभाव्यतेचे गणित तोकडे पडण्याचा धोका अधिक असतो. साहित्याच्या अध्यापकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट लेखिकेविषयी, आणि ती अधिक गैरसोयीची आहे. चुकीचा शेवट असलेल्या उत्तराला ८ गुण देणारी व्यक्ती ही कादंबरी अनेक वर्षे शिकवीत आली आहे. मग चूक पहिल्याच वाचनात का दिसली नाही? कारण उत्तर वाचले गेले नव्हते. ते पाहिले गेले होते. मुद्दे, शुद्धलेखन, लांबी आणि समारोप यांची खातरजमा झाली आणि गुण पडले. विद्यार्थ्याने कादंबरी न वाचता उत्तर लिहिले व अध्यापिकेने उत्तर न वाचता गुण दिले. या दोहोंच्या मधोमध यंत्राला जागा मिळाली.

त्या उत्तरातील भाषाही तपासण्यासारखी होती. ‘ही कादंबरी केवळ एका गावाची कथा नसून मानवी भावनांचा आरसा आहे’ अशा धर्तीचे वाक्य त्यात होते. हे वाक्य कोणत्याही कादंबरीला लावता येते, आणि म्हणूनच ते कोणत्याही एका कादंबरीविषयी काहीच सांगत नाही. पात्रांची नावे वगळता त्या उत्तरात माडगूळकरांचे असे काही नव्हते. माणदेशातला एकही शब्द नव्हता.

३. गाईडची परंपरा

असे असले तरी सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘सदर कादंबरीतून ग्रामीण जीवनाचे वास्तव व हृदयस्पर्शी चित्रण घडते’ हे वाक्य आपल्या उत्तरपत्रिकांत चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ते गाईडमधून आले, ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तून आले, झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समधून आले आणि काही वेळा आपणच वर्गात सांगितलेल्या मुद्द्यांतूनही आले. मूळ कलाकृती न वाचता तिच्यावर १० गुणांचे उत्तर लिहिता येते, ही व्यवस्था यंत्राने निर्माण केलेली नाही. तिची सवय विद्यार्थ्यांना, आणि आपल्यालाही, आधीच झालेली होती.

चॅटबॉटने या परंपरेत तीन बदल केले. गाईडमधील उत्तर सर्वांचे सारखे असे, त्यामुळे ते ओळखू येई. यंत्राचे उत्तर प्रत्येकाला थोडे वेगळे मिळते. गाईडला किंमत मोजावी लागे. यंत्र प्राथमिक स्वरूपात विनामूल्य मिळते. आणि गाईडमधील मजकूर निदान कोणीतरी पुस्तक वाचून लिहिलेला असण्याची शक्यता असे. यंत्राबाबत तेवढीही खात्री देता येत नाही. म्हणजे दुखणे जुनेच आहे, त्याचा वेग मात्र वाढला आहे. त्यामुळे केवळ यंत्रावर बंदी घालून हे दुखणे बरे होईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

४. धोक्याचे खरे स्वरूप

सदर स्वाध्यायानंतर लेखिकेने कादंबरीची अखेरची पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने सांगितले की, त्याचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात असेच मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे उतरले होते. कोणत्या वाटेने गेले, रात्री कळप कोठे बसवीत, परत आल्यावर किती मेंढरे उरली होती, हे त्याला घरात ऐकून माहीत होते. हा विद्यार्थी मेंढपाळ कुटुंबातील, महाविद्यालयात आलेला घरातील पहिलाच. त्याने सादर केलेल्या स्वाध्यायात मात्र पाऊस पडून गाव फुललेले होते.

हे सारे तू उत्तरात का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘असलं लिहिलेलं परीक्षेत चालतं का, मॅडम?’

या एका प्रश्नात धोक्याचे खरे स्वरूप सामावलेले आहे. चर्चेत नेहमी कॉपीचा उल्लेख होतो; परंतु कॉपी हा वरवरचा भाग आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ कादंबरी उलगडून दाखवील असे अनुभवधन होते, त्याने ते निरुपयोगी मानले आणि त्याऐवजी यंत्राचे गुळगुळीत पण खोटे उत्तर अधिक ‘परीक्षेचे’ मानले. आपल्या घरातील बोली, आपल्या आजोबांची हकिकत, आपले निरीक्षण यांना विद्यापीठीय लेखनात स्थान नाही, हे त्याला यंत्राने शिकविले नाही. शाळेपासून आजवरच्या मूल्यमापनाने शिकविले. यंत्र त्या शिकवणीला आता दररोज आणि बिनचूक शुद्धलेखनात दुजोरा देत आहे.

याच्या जोडीला अध्ययनहानीचा धोका आहे, आणि त्याविषयी काही पुरावा उपलब्ध झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातील सुमारे १००० माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणिताच्या संदर्भात केलेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली. परंतु नंतर यंत्राविना परीक्षा घेतली असता, ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते अशा विद्यार्थ्यांपेक्षा ते १७ टक्के मागे पडले. थेट उत्तर न देता केवळ सूचना देणारा, शिक्षकांच्या मदतीने आखलेला दुसरा चॅटबॉट ज्यांना दिला होता, त्यांच्या बाबतीत हे नुकसान बव्हंशी टळले. प्रयोग शालेय स्तरावरचा आणि गणिताचा असल्याने तो जसाच्या तसा साहित्याला लावता येणार नाही. तरी आयते उत्तर आणि शिकणे यांतील अंतर तो स्पष्ट करतो.

५. संधी

संधींचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. कारण त्या ज्यांना सर्वाधिक उपयुक्त ठरतील ते बहुतांशी आपल्याच वर्गात बसलेले आहेत.

हार्वर्ड विद्यापीठातील पदवीस्तरावरील भौतिकशास्त्राच्या एका अभ्यासक्रमात १९४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही २०२५ मध्येच प्रसिद्ध झाला. अध्यापकांनी काळजीपूर्वक आखून दिलेल्या चॅटबॉटच्या साह्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्गातील कृतियुक्त अध्यापनाच्या तुलनेत कमी वेळात अधिक प्रगती केल्याचे त्यात आढळले. तुर्कस्तान आणि हार्वर्ड येथील प्रयोग परस्परविरोधी वाटले तरी ते एकच गोष्ट सांगतात. यंत्रामागे अध्यापकाची आखणी असेल तर लाभ होतो. ते उत्तरांचे दुकान म्हणून उघडे ठेवले तर तोटा होतो.

आपल्या परिस्थितीत तीन संधी विशेष नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे शंका विचारण्याची मुभा. पहिल्या पिढीचा विद्यार्थी वर्गात प्रश्न विचारत नाही. आपण हसू होऊ ही भीती त्याला असते. ‘रूपबंध म्हणजे काय’ हा प्रश्न तो यंत्राला रात्री अकरा वाजता चारदा विचारू शकतो. दुसरी संधी भाषांतराची. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विज्ञान या विषयांतील बरेचसे संदर्भसाहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी त्याच्या दारातच थांबतो. इंग्रजी लेखाचा मराठी गोषवारा मिळाल्यास तो निदान उंबरठा ओलांडतो. केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ या उपक्रमासारखे भारतीय भाषांसाठीचे प्रयत्नही २०२२ पासून सुरू आहेत. तिसरी संधी साहित्याच्या अध्यापनातच आहे. यंत्राचे सदोष उत्तर हे समीक्षेच्या सरावासाठी उत्तम साधन ठरते. ‘बनगरवाडी’वरील तेच उत्तर पुढे वर्गात देऊन ‘यातील प्रत्येक विधान कादंबरीच्या आधारे तपासा व पृष्ठक्रमांक द्या’ असे सांगितले, तेव्हा ग्रंथालयातील कादंबरीच्या प्रती सत्रात प्रथमच अपुऱ्या पडल्या.

६. शोधक साधने आणि नियम यांच्या मर्यादा

यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने वापरून प्रश्न सोडवावा, असे अनेकांना वाटते. ओपनएआयने स्वतःच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध केले होते. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखू शकले व माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला त्याने यंत्रलिखित ठरविले. पुरेशी अचूकता नसल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद करण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींच्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी चुकीने यंत्रलिखित ठरविले. ज्यांची भाषा साधी व शब्दसंग्रह मर्यादित, त्यांच्यावरच संशय अधिक, असा याचा अर्थ होतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाला हे थेट लागू पडते. अशा साधनाच्या आकड्यावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्यास दोषी ठरविणे न्याय्य नाही.

नियमांचीही मर्यादा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाविषयीचे २०१८ चे विनियम मजकुराच्या साम्यावर आधारलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य दंडपात्र नाही, १० ते ४०, ४० ते ६० व ६० टक्क्यांहून अधिक अशा त्यापुढील पायऱ्या आहेत. चॅटबॉटचा मजकूर कोठूनही जसाच्या तसा उचललेला नसल्याने तो या चाळणीतून सहज निसटतो. साम्य शून्य आणि श्रमही शून्य, असे लेखन विनियम करणाऱ्यांनी गृहीत धरले नव्हते.

७. प्राध्यापकांची बाजू

ही चर्चा विद्यार्थ्यांपाशी थांबविणे योग्य नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाते, तेथे प्राध्यापकासही यंत्राचा मोह होणारच. आयोगाने २०२५ मध्ये नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाची गुणवत्ता पारखण्याची जबाबदारी मुख्यतः संस्थांवर व आपल्यावर आली आहे. यंत्राने सुचविलेले संदर्भ अस्तित्वात आहेत की नाहीत हे न पाहता ते लेखाखाली छापले गेले, तर पुढचा संशोधक त्याच खोट्या संदर्भाचा आधार घेईल. मराठीत संदर्भसूचींची साधने आधीच अपुरी आहेत. त्यांत असा गाळ मिसळला तर तो उपसणार कोण? प्रस्तुत लेखिकेच्या एम.फिल.च्या काळात एका जुन्या मासिकाचा अंक पाहण्यासाठी दोन ग्रंथालये धुंडाळावी लागली होती. पदवी म्हणून एम.फिल. २०२२ च्या विनियमांनी इतिहासजमा झाली. मूळ अंक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संदर्भ द्यायचा नाही, ही त्या अभ्यासक्रमाने लावलेली शिस्त मात्र आज अधिक आवश्यक झाली आहे.

तसेच विद्यार्थ्यांची उत्तरे चॅटबॉटकडून तपासून घेणे हेही वर्ज्य मानावे. यंत्राने लिहावे, यंत्राने तपासावे आणि आपण दोघांनी सह्या कराव्यात, ही अवस्था शिक्षणाची म्हणता येणार नाही. शिवाय विद्यार्थ्यांची नावे व लेखन परक्या कंपनीच्या प्रणालीत टाकण्यात त्यांच्या खासगीपणाचा प्रश्नही गुंतलेला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संस्थांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

८. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

(१) अंतर्गत मूल्यमापनातील लेखी स्वाध्यायाला लहानशी तोंडी परीक्षा जोडावी. ८० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकास ५ मिनिटे दिल्यास ४०० मिनिटे, म्हणजे ५० मिनिटांच्या ८ तासिका लागतात. एका सत्रात हा भार लहान नाही, विशेषतः जेथे पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील सहकारी काम ओढत आहेत. परंतु एका सत्रात दोन स्वाध्यायांऐवजी एकच घेतल्यास तो पेलता येण्यासारखा आहे.

(२) प्रश्नाचे स्वरूप बदलावे. ‘ग्रामजीवनाच्या चित्रणाची चर्चा करा’ याऐवजी ‘कादंबरीतील एखादा प्रसंग निवडून, आपल्या गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून ऐकलेल्या दुष्काळाच्या हकिकतीशी त्याची तुलना करा’ असा प्रश्न विचारल्यास निदान त्या व्यक्तीकडे जाऊन ऐकण्याची वाट खुली होते. यंत्र हकिकत रचून देऊ शकेल. पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ती टिकणे कठीण आहे.

(३) पहिला मसुदा वर्गातच, हाताने लिहून घ्यावा. अंतिम स्वाध्यायासोबत तो जोडणे बंधनकारक असावे.

(४) यंत्राचा वापर केल्यास तो कशासाठी केला हे विद्यार्थ्याने दोन ओळींत नोंदवावे. प्रामाणिक नोंदीसाठी गुण कापू नयेत. अन्यथा नोंदच होणार नाही.

(५) बोलीतील शब्द, कुटुंबातील अनुभव व स्थानिक निरीक्षण यांना गुणदानात स्पष्ट वाटा द्यावा आणि तो प्रश्नपत्रिकेवर छापावा. ‘परीक्षेत चालतं का’ या प्रश्नाचे उत्तर छापील स्वरूपात मिळाल्याशिवाय विद्यार्थ्याचा त्यावर विश्वास बसणार नाही.

(६) यंत्र ओळखणाऱ्या साधनाचा निकाल हा एकमेव पुरावा मानू नये.

समारोप

उच्च शिक्षणातील चॅटबॉटचे बरेवाईट परिणाम यंत्राच्या गुणदोषांपुरते मर्यादित नाहीत, हे वरील विवेचनावरून लक्षात यावे. न वाचता उत्तर लिहिता येते आणि न वाचता गुण देता येतात, अशी व्यवस्था असेल तर यंत्र तिचा पुरेपूर लाभ घेईल. वाचल्याशिवाय, ऐकल्याशिवाय, पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही असे प्रश्न विचारले आणि उत्तरे खरोखर वाचली, तर तेच यंत्र शंका विचारण्याचे व इंग्रजी ग्रंथांचा उंबरठा ओलांडण्याचे साधन होऊ शकेल.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे दुसऱ्यांदा स्वाध्याय लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या, वाक्ये मध्येच तुटत होती आणि समारोप नव्हता. त्याच्या आजोबांच्या कळपातील किती मेंढरे परत आली हे मात्र त्यात होते, आणि बनगरवाडीतून उठणाऱ्या माणसांचे पाय जड का झाले असतील, हे त्या आकड्याच्या आधारे त्याने सांगितले होते. लेखिकेने त्यास १० पैकी ७ गुण दिले. आधीच्या उत्तराला दिलेल्या ८ गुणांपेक्षा हा एक गुण कमी का पडला, याचा हिशेब ती अद्याप स्वतःशी करीत आहे. आपल्या विद्यापीठीय मूल्यमापनानेही तो करावयास हवा.